‘साल्वो ऑर्डिने नॉस्त्रो’ : तीन शब्दांवरून थॉमस बेकेट इतका का अडून बसला?

हस्तलिखित (प्रश्न)

नमस्कार. सध्या बाराव्या शतकातील इंग्लंडविषयी वाचन चालू आहे आणि कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट व राजा दुसरा हेन्री यांच्या भांडणातील एका जागी मी पुन्हा पुन्हा अडखळते आहे. जाणकारांनी उलगडा करावा, म्हणून हा धागा काढत आहे.

बेकेट हा लंडनमधील चीपसाइड भागातील एका व्यापाऱ्याचा मुलगा. आर्चबिशप थिओबाल्ड यांच्या पदरी राहून तो वर आला आणि 1155 साली तरुण राजाचा चान्सलर, म्हणजे त्याच्या लेखनदप्तराचा प्रमुख झाला. 1158 साली राजाच्या वतीने तो पॅरिसला गेला, तेव्हाच्या लवाजम्याचे वर्णन त्याच्या चरित्रकाराने मोठ्या हौसेने केले आहे. पुढे गाणी म्हणत चाललेली मुले, त्यामागे शिकारी कुत्रे, मद्याच्या पिंपांनी भरलेल्या गाड्या आणि सामान वाहणाऱ्या घोड्यांच्या पाठीवर बसवलेली माकडे! पुढच्याच वर्षी तुलूझच्या मोहिमेत त्याने स्वतः सैन्य चालवले आणि त्या मोहिमेसाठी चर्चकडून जबर पैसा वसूल केला. अशा माणसाला आर्चबिशप केले, तर राज्य आणि चर्च या दोन्हींच्या दोऱ्या आपल्याच हाती राहतील, असे हेन्रीला वाटले असेल तर त्यात नवल नाही. 2 जून 1162 रोजी त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली, दुसऱ्या दिवशी तो आर्चबिशप झाला आणि थोड्याच काळात त्याने चान्सलरपद सोडले.

इथपर्यंत मला कळते. पुढे ऑक्टोबर 1163 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या सभेत राजाने सर्व बिशपांना एकच गोष्ट विचारली : माझ्या आजोबांच्या काळातील चालीरीती तुम्ही पाळाल का? बेकेट म्हणाला, पाळू, पण ‘साल्वो ऑर्डिने नॉस्त्रो’, म्हणजे ‘आमच्या धर्मपदाला बाध न येता’. एकेका बिशपाने तेच उत्तर दिले. फक्त चिचेस्टरच्या हिलरीने ‘सद्भावाने पाळू’ असे शब्द बदलून पाहिले, तर त्याच्यावरही राजा खेकसला. दुसऱ्या दिवशी राजाने बेकेटकडून आय आणि बर्कहॅमस्टेडच्या जहागिरी काढून घेतल्या आणि त्याच्याकडे वाढत असलेला आपला मुलगाही परत नेला.

जानेवारी 1164 मध्ये क्लॅरेंडन येथील सभेत बेकेटने हे शब्द मागे घेतले, नंतर त्याचा पश्चात्ताप केला. 1169 साली माँमिराय येथे समेट अगदी तोंडाशी आला असताना ‘देवाच्या मानाला बाध न येता’ हे नवे पालुपद जोडून त्याने तो घालवला. माझा प्रश्न असा : सहा वर्षे परदेशात काढावीत, आप्तांना देशोधडीला लागू द्यावे आणि शेवटी जीव गमवावा, एवढे त्या शब्दांत काय होते? हा शब्दच्छल होता, हट्ट होता की खरोखर काही मोठे पणाला लागले होते?

कायदेभान

प्रश्न फार चांगला आहे. बहुतेक लोक या भांडणातील फक्त खून लक्षात ठेवतात. माझ्या मते उत्तर क्लॅरेंडनच्या कागदात, म्हणजे त्या सभेत कलमे करून लिहिलेल्या चालीरीतींत आहे, आणि ‘कागद’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, जरी ते प्रत्यक्षात चर्मपत्र होते.

आधी राजाची बाजू समजून घ्यावी, कारण ती पोकळ नव्हती. 1135 पासून 1154 पर्यंत स्टीफनच्या राजवटीत देशात यादवी माजली होती. त्या काळात राजाची न्यायव्यवस्था खिळखिळी झाली आणि चर्चच्या न्यायालयांनी आपला अधिकार वाढवला. चर्चची दीक्षा घेतलेल्या माणसाने खून किंवा दरोडा केला, तरी त्याचा खटला बिशपापुढे चाले आणि चर्चच्या न्यायालयाला देहदंड देता येत नसे. दीक्षित म्हणजे केवळ धर्मगुरू नव्हेत. डोक्यावरचे केस गोल कापून खालच्या पायरीची दीक्षा घेतलेले असंख्य लेखनिक आणि विद्यार्थीही त्यात आले. बेडफर्डचा कॅनन (चर्चच्या सेवेतला दीक्षित) फिलिप द ब्रॉय याच्यावर एका सरदाराच्या खुनाचा आरोप होता. बिशपाच्या न्यायालयात शपथेवर तो सुटला. पुढे राजाच्या न्यायाधीशाने प्रकरण पुन्हा उकरले, तेव्हा त्याने त्या न्यायाधीशाचाच भर सभेत पाणउतारा केला. हेन्रीचा संताप यातून आलेला होता.

त्यावर क्लॅरेंडनच्या तिसऱ्या कलमाने उपाय काढला तो असा : आरोपीने आधी राजाच्या न्यायालयात हजर व्हावे, मग त्याला चर्चच्या न्यायालयात पाठवावे, तिथे काय होते ते पाहायला राजाचा माणूस बसेल, आणि दोष सिद्ध झाल्यावर चर्चने त्याला पाठीशी घालू नये. म्हणजे चर्चने त्याची दीक्षा काढून घ्यायची आणि राजाने त्याला सामान्य माणूस म्हणून शिक्षा द्यायची. बेकेटचे म्हणणे होते की दीक्षा काढून घेणे हीच शिक्षा आहे आणि एका अपराधाला दोन शिक्षा देव स्वतःही देत नाही. कायद्याचा माणूस म्हणून सांगतो, राजाच्या बाजूचा युक्तिवाद मला अधिक पटतो. पण बेकेटचा युक्तिवाद त्याने ऐनवेळी रचलेला नव्हता, तो त्या काळच्या धर्मकायद्याच्या पंडितांत चर्चेत असलेला होता.

आता मूळ मुद्दा. वेस्टमिन्स्टरनंतर पोपचे पत्र घेऊन आलेल्या एका मठाधिपतीने बेकेटची समजूत घातली की राजाला केवळ त्याचा मान राखला जायला हवा आहे, तोंडी ‘हो’ म्हणा, प्रकरण मिटेल. बेकेट खाजगीत कबूल झाला. मग राजाने तेच जाहीर सभेत म्हणायला लावले. आणि त्याने ‘सत्यवचनाने’ होकार दिल्यावर त्या चालीरीती सोळा कलमांत लिहून पुढे ठेवण्यात आल्या. मजकुराचे चर्मपत्र तीन भागांत कापून एक भाग बेकेटला, एक यॉर्कच्या आर्चबिशपला आणि एक राजाच्या दप्तराला, अशी वाटणी झाली. बेकेटने आपला भाग हातात घेतला, पण त्यावर मुद्रा उठवली नाही.

सात वर्षे ज्याने राजाचे लेखनदप्तर चालवले, त्याला तोंडी चाल आणि लिहिलेले कलम यांतला फरक शिकवावा लागत नव्हता. तोंडी चालीत माणूस बघून, वेळ बघून सैल सोडता येते. लिहिलेले कलम पुढच्या राजाच्या पुढच्या कारकुनाच्या हातीही तितकेच पक्के असते. ‘आमच्या पदाला बाध न येता’ ही त्या भिंतीतली एकमेव खिडकी होती आणि राजाला नेमकी तीच बुजवायची होती.

वसईची वाट

वरील विवेचनाबद्दल मनापासून आभार. मी एका वेगळ्या बाजूने लिहिते. आमच्याकडे वसईत नाताळच्या अष्टाहात (नाताळपासूनच्या आठ दिवसांत), 29 डिसेंबरला, संत थॉमस बेकेट यांचे स्मरण होते, आणि लहानपणी मला नेहमी वाटे की घराघरांत अजून येशूजन्माचा गोठा मांडलेला असताना हे रक्ताचे स्मरण मध्येच कसे आले. तो त्यांच्या मृत्यूचा दिवस आहे, हे पुष्कळ नंतर कळले.

‘ऑर्डो’ या लॅटिन शब्दाचे ‘पद’ असे भाषांतर केले, तर ती नोकरीतली बढती वाटते. गुरुदीक्षेने माणसाला जे मिळते ते त्याच्या मालकीचे नसते, म्हणून ते त्याला कोणाला देऊनही टाकता येत नाही, अशी ती कल्पना आहे. जहागिरी राजाने दिल्या होत्या, त्या राजाने परत घेतल्या, त्यावर बेकेट यांनी आकांत केला नाही. पण बिशपाने राजाला बिनशर्त ‘हो’ म्हणायचे, तर जे आपले नाही तेच त्याने राजाला दिले, असा त्याचा अर्थ होतो.

यासाठी क्लॅरेंडननंतर काय घडले ते पाहावे. तिथून निघाल्यावर वाटेत त्यांचा क्रूस वाहणारा वेल्श सेवक अलेक्झांडर त्यांच्या तोंडावर बोलला की मेंढपाळच पळाला तर मेंढरांना कोण राखणार. त्या काळात सेवकाने आर्चबिशपांना असे बोलणे सोपे नव्हते. बेकेट यांनी त्याला गप्प केले नाही. आपण चुकलो, असे म्हणून त्यांनी स्वतःलाच वेदीपासून दूर केले आणि पोपकडून पत्र येईपर्यंत मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, अर्पण केली नाही. ज्या माणसाला केवळ राजाशी शक्तिपरीक्षा करायची असते, तो सभेत शब्द फिरवतो, वेदीवरचा आपला अधिकार सोडत नाही. त्यांच्या खरेपणाविषयी माझा विश्वास या एका गोष्टीवर उभा आहे.

आणि पोप तिसरे अलेक्झांडर यांच्याविषयीही दोन शब्द. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा यांनी प्रतिपोप, म्हणजे त्यांच्याविरुद्ध दुसरा पोप, उभा केल्यामुळे ते स्वतःच फ्रान्समध्ये सांस येथे आश्रयाला होते. हेन्रीसारखा राजा दुखावून चालणार नव्हते. तरीही ती सोळा कलमे त्यांच्यापुढे वाचली गेली, तेव्हा त्यांनी दहा कलमे अमान्य केली आणि सहा चालवून घेतली. म्हणजे सगळेच अमान्य, असे खुद्द पोपनीही म्हटले नाही.

केंटकर

मी गेली बरीच वर्षे कँटरबरीपासून जवळ राहतो, त्यामुळे या विषयाशी नाते जवळचे आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर ठेवून एक आठवण करून द्यावीशी वाटते. इंग्लंडचे बहुतेक बिशप बेकेटच्या बाजूने नव्हते, आणि ते सगळे भित्रे किंवा राजाचे मिंधे होते, असेही नाही.

लंडनचा बिशप गिल्बर्ट फोलिओ हा फ्रान्समधील क्लूनी मठाच्या परंपरेतला संन्यासी, विद्वान आणि आचाराला कडक असा माणूस होता. 1166 साली त्याने बेकेटला एक लांबलचक पत्र लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की क्लॅरेंडनला आम्ही सर्व बिशप दबावाला न जुमानता ठाम उभे होतो आणि पाठ फिरवली ती आमच्या सेनापतीने. तुलूझच्या मोहिमेसाठी चर्चच्या पोटात तलवार खुपसणारा कोण होता, हेही त्याने विचारले. हस्तलिखित यांना हा मजकूर जरूर वाचावा असे सुचवीन, कारण बेकेटविरुद्ध यापेक्षा मजबूत बाजू आजवर कोणी मांडलेली नाही. फोलिओ शब्द टिकवायला तयार होता, पण त्या शब्दांसाठी देश सोडून जाणे त्याला मान्य नव्हते. बिशप आपल्या लोकांत राहूनच त्यांचे रक्षण करू शकतो, असे त्याचे मत होते.

ऑक्टोबर 1164 मधील नॉर्थॅम्प्टनच्या सभेत तर राजाने चालीरीतींचा विषयही सोडला आणि चान्सलरपदाच्या काळातील पैशांचा हिशेब मागितला. रक्कम हजारो मार्कांच्या घरात गेली. शेवटच्या दिवशी बेकेट आपला क्रूस स्वतःच्या हातात धरून आत आला. हा सेवकाचा मान, तो आर्चबिशपने स्वतः घेणे म्हणजे राजाविरुद्ध ढाल उचलण्यासारखे होते. राजा वरच्या मजल्यावर होता, बेकेट खाली क्रूस धरून बसला होता आणि बिशप निरोप घेऊन वरखाली करत होते. फोलिओला कोणीतरी म्हणाले, हे थांबवा. तो उत्तरला, हा पहिल्यापासून मूर्ख होता आणि पुढेही राहील. निवाडा ऐकून न घेता बेकेट बाहेर पडला, तेव्हा दरबारी त्याला ‘द्रोही’ म्हणून ओरडत होते आणि घाईत तो जळणाच्या मोळीला अडखळला. त्या रात्री पावसातून तो निसटला आणि ब्रदर क्रिश्चन असे नाव घेऊन 2 नोव्हेंबरला एका लहान होडीतून सँडविचहून समुद्रापार गेला. मागे राहिलेल्या त्याच्या नातलगांना व माणसांना, बायकामुलांसह, राजाने हद्दपार केले आणि बेकेटकडे जाऊन आपली दैना दाखवण्याची शपथ त्यांना घातली. या लोकांचा विचार केला की फोलिओचे म्हणणे जड वाटते.

माँमिरायचा उल्लेख प्रश्नात आला आहे. बेकेटने राजाच्या पायाशी पडून सर्व काही राजाच्या मर्जीवर सोपवले, आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडावा तोच पुढचे शब्द जोडले. हेन्री म्हणाला की याला जे आवडणार नाही ते सगळे हा देवाच्या मानाविरुद्ध ठरवील. हेन्रीने जवळजवळ साधी तोड सुचवली होती : याच्या आधीच्या सर्वांत थोर आर्चबिशपने माझ्या आधीच्या सर्वांत किरकोळ राजासाठी जे केले, तेवढे याने माझ्यासाठी करावे. बेकेटला आश्रय देणारा फ्रान्सचा राजा सातवा लुई, तोही वैतागला. परतीच्या वाटेवर बेकेटच्या सोबत्यांपैकी एकाचा घोडा ठेचकाळला, तेव्हा तो बेकेटला ऐकू जाईल असे घोड्याला म्हणाला, ‘चल पुढे, देवाच्या, पवित्र चर्चच्या आणि माझ्या पदाच्या मानाला बाध न येता!’ चार वर्षांहून अधिक काळ परक्याच्या भाकरीवर काढलेल्या माणसाचे ते शब्द आहेत, आणि बेकेटविषयी निष्ठा असूनही ते त्याच्या तोंडून निघाले.

हस्तलिखित

तिघांचेही मनःपूर्वक आभार. घोड्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि ती वाचून बराच वेळ पुढे काही वाचवले नाही. एक शंका उरते. हे शब्द बेकेटने नवे शोधले होते का? आणि इतके ताणून शेवटी 1170 साली समेट झाला, तेव्हा त्या शब्दांचे काय झाले?

कायदेभान

शोधले नव्हते, आणि या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. क्लॅरेंडनचे बारावे कलम वाचा. नवा निवडलेला बिशप दीक्षेपूर्वी राजाला निष्ठेची शपथ कशी देईल, ते त्यात आहे : आपला प्राण, देह आणि ऐहिक मान यांसाठी, ‘साल्वो ऑर्डिने सुओ’, म्हणजे ‘आपल्या धर्मपदाला बाध न येता’. राजाच्या स्वतःच्या कागदात ते शब्द आहेत! म्हणजे हेन्रीचा शब्दांना विरोध नव्हता. एकेका बिशपाच्या शपथेत, विधी म्हणून ते त्याला चालत होते. तेच शब्द सगळ्या चालीरीतींच्या पुढे लावले, तर कोणती चाल पाळायची आणि कोणती नाही, हे ठरवण्याचा अधिकार बिशपांकडे जात होता. माँमिरायला हेन्री रागाने जे बोलला ते अन्यायाचे असले, तरी चुकीचे नव्हते. दोघांनाही या शब्दांचे मोल अचूक कळले होते.

22 जुलै 1170 रोजी फ्रेतव्हाल येथे समेट झाला, तो चालीरीतींचे नावच न काढता. हेन्रीने बेकेटसाठी रिकीब धरली, पण समेटाची खूण असलेले शांतीचे चुंबन दिले नाही. त्याआधी 14 जूनला यॉर्कच्या आर्चबिशपने कँटरबरीचा परंपरागत हक्क डावलून राजपुत्राला राज्याभिषेक केला होता. बेकेट 1 डिसेंबरला परतला तो या अभिषेकात भाग घेतलेल्या बिशपांवर कारवाई करूनच, आणि पुढचे भांडण त्यावरून पेटले.

केंटकर

शेवटच्या दिवसाबद्दल एक जोड. राजाच्या तोंडी घातले जाणारे ‘या उपद्रवी पाद्रीपासून मला कोणी सोडवील का’ हे वाक्य समकालीन वृत्तांतात नाही. एडवर्ड ग्रिम, ज्याचा हात बेकेटला वाचवताना तलवारीने कापला गेला, तो वेगळे सांगतो : आपण पोसलेल्या माणसांनी एका हलक्या कुळातल्या दीक्षिताकडून आपल्या धन्याचा अपमान होऊ दिला, असे राजा संतापून म्हणाला. चार सरदार ते ऐकून निघाले.

29 डिसेंबरच्या संध्याकाळी ते हत्यारांनिशी मागे येत असताना भिक्षूंनी बेकेटला कँटरबरीच्या मुख्य चर्चमध्ये ओढत आणले आणि दार लावायला घेतले. त्याने ते उघडायला लावले. देवाच्या घराचा किल्ला करायचा नाही, असे तो म्हणाला. वायव्य बाजूच्या त्या जागी मी पाहुण्यांना नेतो, तेव्हा ते दार आणि खुनाची जागा यांतले अंतर पावलांनी मोजून दाखवतो. ते इतके थोडे आहे की लोक गप्प होतात. 1982 साली पोप दुसरे जॉन पॉल आणि अँग्लिकन आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनी त्याच ठिकाणी शेजारी गुडघे टेकून प्रार्थना केली होती. फोलिओविषयी मी वर लिहिले त्यावर ठाम आहे, पण त्या दाराशी उभे राहून मला ते कधी बोलवत नाही.

वसईची वाट

केंटकर, हे लिहिल्याबद्दल आभार. त्या सर्व नातलगांविषयी आपण जे म्हटले त्याला माझ्याकडे उत्तर नाही. संत म्हणून ज्यांना मान दिला त्यांच्यामुळे इतरांना सोसावे लागले, हे आम्ही प्रार्थनेतही विसरू नये.

कायदेभान

हस्तलिखित यांच्या ‘शब्दांचे काय झाले’ या प्रश्नाचा उरलेला भाग. 1172 साली आव्राँश येथे हेन्रीने आपल्या काळात चर्चविरुद्ध आणलेल्या चाली सोडण्याचे वचन दिले. जुलै 1174 मध्ये तो कँटरबरीला अनवाणी गेला आणि भिक्षूंकडून पाठीवर फटके घेतले. 1176 साली त्याने मान्य केले की राजाच्या राखीव जंगलांच्या कायद्याचा भंग वगळता दीक्षितांवर फौजदारी खटला राजाच्या न्यायालयात चालणार नाही. पुढे अनेक बंधने येत गेली तरी दीक्षितांच्या सवलतीचा हा धागा इंग्लंडच्या कायद्यात 1827 पर्यंत टिकला.

पण बिशपांची निवड राजाच्या नजरेखाली होण्याची चाल मात्र हेन्रीने हातची जाऊ दिली नाही. बेकेटच्या मृत्यूनंतर 1173 साली रिकाम्या जागा भरल्या गेल्या, तेव्हा विंचेस्टरला निवडला गेला तो इल्चेस्टरचा रिचर्ड, राजाचा जुना विश्वासू कारभारी, ज्याला बेकेटने 1166 साली व्हेझले येथे चर्चमधून बहिष्कृत केले होते.